सातखडपाचा बोळ

"झेंडा नाही तो, शर्ट आहे," इंदू म्हणाली. "कुणीतरी वल्ह्याला शर्ट बांधून हलवतंय."

मी सुकाणूचा दांडा काखेत दाबून गुडघ्यांवर नकाशा धरून बसलो होतो. पावसाची एक सर आत्ताच आम्हांला झोडपून गेली होती. प्लास्टिकच्या पिशवीत असूनही नकाशा कडेला भिजला होता, आणि मला त्याचीच जास्त काळजी होती.

"जाळ्याची खूण असेल," मी म्हटलं. "बांबूला फडकं लावतात ना, तसं."

"फडकं एका जागी राहतं. हे खडपाकडे, त्या खडकांकडे सरकतंय."

तेव्हा कुठे मी मान वर केली.

१९९४ सालचा नोव्हेंबर होता. मी मुंबईत गोदीत ड्राफ्ट्समन होतो. मूळचा मिरजेचा, कृष्णेपेक्षा मोठं पाणी विसाव्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं. गोदीतल्या साहेबांच्या शिडाच्या होड्यांवर हौसेनं राबता राबता शिकलो आणि झपाटलो. सव्वीस फुटी एक जुनी लाकडी होडी मिळाली. इंदू आणि मी चार वर्षं दर रविवारी खपून ती पाण्यात उतरवण्याजोगी केली. एक डोलकाठी, दोन शिडं, मागं अडीनडीपुरतं एक लहानसं मशीन. नाव ठेवलं टिटवी. महिनाभराची रजा काढून मांडव्याहून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, दोघांनीच, असा बेत होता.

होडीवर कप्तान मी. पुस्तकं माझी, नकाशे माझे, हुकूमही माझे. इंदू पुढचं शीड ओढायची, स्टोव्हवर भात शिजवायची आणि माझ्या 'ओढ', 'सोड'ला हो म्हणायची. ती हसून हो म्हणायची, म्हणून मला वाटायचं, तिला हे असंच आवडतं.

खरं तर समुद्र तिच्या घरचा. तिचे वडील, म्हणजे आबा, भिकाजी कोयंडे, देवगड आणि मालवणच्या मधल्या कांदळबाव गावचे तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. पण बाईमाणसानं होडीवर पाय ठेवायचा नाही, अशी त्या घरची रीत. इंदू मुंबईला मत्स्यव्यवसाय खात्यात कारकून म्हणून लागली, तिथं आमची ओळख झाली, आणि ती पहिल्यांदा शिडाच्या होडीत बसली ती एकोणतिसाव्या वर्षी, माझ्याबरोबर. आमचं लग्न आबांना मान्य नव्हतं. मी परका, घाटावरचा. नऊ वर्षांत त्यांनी एक पत्र लिहिलं नव्हतं, आणि तिनं पाठवलेली सगळी पत्रं न फोडता परत आली होती.

त्या पहाटे देवगडचं बंदर सोडताना तिनं एकच गोष्ट मागितली होती. "कांदळबाव लांबून ओलांडूया. तीन मैल बाहेरून. किनाऱ्यावरून आपलं शीड दिसायला नको."

मी हो म्हटलं होतं.

दिवस विचित्र होता. पहाटे जमिनीवरून येणारा गार मतलई वारा, नऊ वाजता तोही पडला. शिडं ओल्या चादरीसारखी लोंबायला लागली आणि पाणी इतकं संथ झालं की त्यात डोलकाठीचं प्रतिबिंब दिसायचं. मग नैर्ऋत्येकडे शाईसारखी एक पट्टी उठली. मी शीड अर्धं गुंडाळून बांधेपर्यंत वारा अंगावर आला, पाऊस आला, पंधरा मिनिटं हात दिसेना, आणि पुन्हा लख्ख ऊन. पाऊस गेला, पण वारा गेला नाही. तो किनाऱ्याच्या दिशेनं तसाच रेटत राहिला आणि त्याच्यामागून मोठमोठ्या लाटा यायला लागल्या.

त्या उन्हात ती मच्छीमारांची होडी दिसली. मशीन बंद पडलेलं, आडवी होऊन हेलकावणारी. आणि तिच्या पलीकडे, मैलभरावर, पांढऱ्या फेसाची एक लांबच लांब रांग.

"सातखडप," इंदू म्हणाली. "गावासमोरचे खडक. ते लोक तिकडे चाललेत."

म्हणजे कांदळबाव तिथंच होतं. मी तिच्याकडे पाहिलं. लांबून जायचं ठरलं होतं, त्याची आठवण करून द्यायची माझी हिंमत झाली नाही, आणि तिलाही गरज वाटली नाही.

"चला," ती म्हणाली.

आम्हांला त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागला. होडीत पाच माणसं होती. चौघं बादल्यांनी पाणी उपसत होते आणि एक म्हातारा मागं उभा राहून वल्ह्यानंच होडीचं तोंड लाटांकडे ठेवायची धडपड करत होता. त्यांच्या नांगराचा दोर तुटलेला होता. त्यांना आमच्या होडीत घ्यायचा विचार मी केला. पण त्या लाटांत दोन लाकडी होड्या एकमेकींना भिडल्या असत्या तर दोन्ही फुटल्या असत्या. म्हणून मी लांबूनच दोर फेकला. पहिला पाण्यात पडला. दुसऱ्यांदा म्हाताऱ्यानं तो हवेतच पकडला, आणि पकडता पकडता इंदूकडे बघून थबकला.

"भिकू तांडेलाचा चेडू मां तू?" तो ओरडला. भिकू तांडेलाची मुलगी ना, असं.

"होय, दाजीनू! आधी दोर बांधा!"

दाजी सारंग, तिच्या वडिलांचे जुने सोबती. दोर बांधला. मी टिटवीचं तोंड वायव्येकडे वळवलं. खडपाला समांतर जात त्याच्या उत्तरेच्या टोकाला वळसा घालायचा, मग आत शिरायचं. नकाशावर ते टोक दोन मैलांवर होतं.

दहा मिनिटांत मला कळलं की हे होणार नाही. आम्ही पुढं एक हात सरकलो की बाजूला दोन हात ढकलले जात होतो. मागची जड होडी आम्हांला खडपाकडे खेचत होती. मशीन सुरू केलं; पण लाटेवर चढलो की त्याचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच घरघरायचा. आता लाटा फुटण्याचा आवाज ऐकू यायला लागला. एकेक लाट उभी राहायची, हिरवी व्हायची आणि काळ्या दगडांवर आपटून पुरुषभर वर उडायची.

पुढची गोष्ट मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. मी खिशातून चाकू काढला.

"इंदू," मी म्हटलं, "दोर कापावा लागेल. नाहीतर सातही जण जाऊ."

तिनं चाकूकडे पाहिलं, मग मागच्या पाच माणसांकडे. "कापायचा नाही."

"मग काय करायचं? समोर खडक आहेत!"

"खडकांतून वाट आहे. बोळ म्हणतात. आबा त्यातूनच ये-जा करायचे."

मी नकाशा तिच्यापुढं धरला. "कुठाय? बघ! सलग खडक दाखवलेत. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत!"

"नकाशा काढणारा कांदळबावात आला नसेल," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दांडा माझ्याकडे द्या."

नऊ वर्षांत मी तिला सुकाणू दिलं होतं ते वारा मंद असताना, मला चहा प्यायचा असला की. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर किनाऱ्यावर लागली होती. मी बाजूला सरकलो.

"खुणा कशा आहेत?" मी विचारलं.

"देवळाचा कळस आणि त्याच्या वर डोंगरावरचा वड. दोन्ही एका रेषेत आले की समोर बोळ."

कळस मला दिसला. माडांच्या वर पांढरा ठिपका. डोंगरही दिसला. वड दिसेना. मी दुर्बीण लावली, डोंगराची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. करवंदीची झुडपं, काळे कातळ आणि आभाळ. झाड कुठंच नव्हतं.

"वड नाहीये, इंदू."

तिनं माझ्या हातातून दुर्बीण घेतली, पाहिलं आणि परत दिली. एक लाट गेली, दुसरी गेली. मी तोंड उघडणार होतो, पण तिनं हात वर करून मला गप्प केलं. मग ती उभी राहिली. दांडा दोन्ही पायांच्या मध्ये धरून, डोलकाठीच्या तारेला एका हातानं लोंबकळत ती उभी राहिली आणि डोंगराकडे न बघता खाली पाण्याकडे बघायला लागली.

"थांबा," ती पुटपुटली. "थांबा, थांबा..."

आणि मग ती किंचाळली, "तिथं! तांबडं पाणी! फेसाचा पट्टा बघ, तो बाहेर येतोय!"

मला आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. सगळीकडे लाटा किनाऱ्याकडे धावत होत्या, पण एका जागी, चारपाच होड्यांच्या रुंदीचा गढूळ लालसर पाण्याचा एक पट्टा समुद्राकडे येत होता. त्यावर फेस तरंगत उलटा वाहत होता.

"खडपावरून आत गेलेलं पाणी कुठून तरी बाहेर यायलाच हवं," ती म्हणाली. "जिथून येतंय तिथं दगड नाही. शीड सोड!"

"अर्धंच ठेवूया, वारा फार—"

"पूर्ण सोड! पाणी समोरून रेटतंय, ते कापायला जोर लागेल. मागं पाच माणसं आहेत. सोड म्हणते ना!"

ती मला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे करत होती, आणि मी पळत गेलो. गाठी सोडल्या. एवढ्या वाऱ्यात पूर्ण शीड उघडायचं नाही, हे माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांत लिहिलेलं होतं. शीड फाडकन भरलं, डोलकाठी करकरली आणि टिटवी असा हिसका देऊन निघाली की मी आडवा पडलो.

इंदू मागं वळून ओरडत होती. "दाजीनू! आमच्या फेसातसून भायर जाव नकात! पाठसून सरळ येवा!"

"येतंव गो!" मागून आवाज आला.

खडप समोर आलं. डावीकडे आणि उजवीकडे पाणी उकळत होतं. दगड इतके जवळ होते की त्यांच्यावरच्या शिंपल्या मला दिसत होत्या, लाट ओसरताना त्यांच्यावरून पाणी कसं झिरपतं तेही दिसत होतं. बोळाच्या तोंडाशी समोरून येणारं पाणी आणि मागून येणारी लाट एकमेकांना भिडून उभी भिंत तयार होत होती. टिटवी तिच्यात नाळ, म्हणजे पुढचं टोक, खुपसून थांबल्यासारखी झाली. शीड पूर्ण भरलेलं, आणि आम्ही जागच्या जागी. मी किनाऱ्यावरच्या एका माडाकडे बघत राहिलो, तो सरकेचना.

"मागची लाट येऊ दे," इंदू स्वतःशीच बोलत होती. "येऊ दे. येऊ दे तिला."

ती आली. तिनं आधी दाजींची होडी उचलली, दोर सैल पडला, आणि ओझं सुटल्याबरोबर टिटवी उसळली. मग लाटेनं आम्हांलाही उचललं. इंदूनं दांडा छातीशी आवळून धरला होता, तिचे केस सुटून तोंडावर आले होते आणि ती मोठमोठ्यानं काहीतरी म्हणत होती. नंतर मला कळलं की ती मालवणीत समुद्राला शिव्या घालत होती. लाट आमच्या खालून गेली. उजवीकडे एक काळा दगड हाताच्या अंतरावरून मागं पडला. दोर ताठ झाला, एकदा, दोनदा, आणि तुटला नाही.

आणि मग आवाज मागं राहिला.

पुढं पाणी तळ्यासारखं होतं. हिरवं, उथळ, खाली वाळू दिसणारं. मी मागं पाहिलं. दाजींची होडी आमच्याच फेसावरून सरळ आत आली होती. चौघं बादल्या टाकून एकमेकांच्या गळ्यात पडले होते आणि दाजी वल्हं डोक्यावर धरून नाचत होते. खरोखर नाचत होते, सत्तरीचा माणूस.

मी चाकू खिशात ठेवला. इंदूनं ते पाहिलं. पण तो विषय तिनं पुढं कधीच काढला नाही.

किनाऱ्यावर सगळं गाव जमलं होतं. बायका हात वर करून ओरडत होत्या, माणसं गुडघाभर पाण्यात धावत येत होती. आम्ही शीड उतरवलं आणि टिटवी हळूहळू वाळूकडे जाऊ लागली. इंदूनं केस मागं बांधले, ओढणीनं तोंड पुसलं, आणि मग तिचा हात तसाच तोंडावर राहिला.

गर्दीतून एक उंच, वाळलेला म्हातारा बाहेर आला होता. लुंगी वर खोचलेली, डोक्याला फडकं. गुडघाभर पाण्यात तो थांबला नाही. कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला, आणि दोन्ही हातांनी त्यानं टिटवीची नाळ धरली.

आबांनी मुलीकडे पाहिलं नाही. आधी होडीची फळी चाचपली, मग ताठ दोर, मग मागच्या होडीतली पाच माणसं एकेक करून मोजल्यासारखी पाहिली. मग विचारलं, "वड तीन वर्सांमागे वादळात पडलो. मगे खूण काय धरलंस?"

इंदू दांडा सोडून नाळेपाशी आली.

"इतक्या लाटेत आत येणारो वेडो कोण, म्हणान बघूक धावलंय मिया," आबा म्हणाले. "सांग मां. धरलंस काय?"

"काय्येक नाय, आबा. पाणी बघलंय." आणि मग तिचा बांध फुटला, रडत रडत ती सांगत सुटली. "भायर येणारां तांबडां पाणी. लहानपणी डोंगरार गवत कापताना वरसून दिसायचां. तुमची होडी येयपर्यंत मिया थयच बघत बसायचंय."

आबांनी मान वळवून खडपाकडे पाहिलं. तो लालसर पट्टा किनाऱ्यावरून नीट दिसत नव्हता. तो ओळखायला शिकता यायचं ते वरूनच, डोंगरावरून, जिथं गवत कापायला फक्त बायका आणि पोरी जात.

"चाळीस वर्सां त्या बोळातसून येतंय-जातंय," ते म्हणाले. "माझी नजर कायम वडार. वड पडल्यापासून गावातलो एक माणूस लाटेच्या दिसांत त्या बोळात गेलो नाय. सगळे वळसो घालतत. आणि वाट सगळो वेळ थयच होती."

मग त्यांनी हात वर केला. ती वाकली, आणि त्या छातीभर पाण्यात उभं राहून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं, त्यांच्याही.

मी तिथं उभा होतो, कप्तान. काय करावं मला कळेना, म्हणून मी वाकून नमस्कार केला आणि टिटवीच्या काठावर कपाळ आपटून घेतलं. आबा पहिल्यांदाच हसले.

"जावयबापू," ते म्हणाले, "पेज जेवतल्यात मां?"

ती दुपार, ती संध्याकाळ कशी गेली ते सांगायला बसलो तर दुसरी गोष्ट होईल. इंदूच्या आईनं तिला मांडीवर घेऊन भरवलं. दाजींच्या बायकोनं माझी दृष्ट काढली, मी काही केलं नसताना. गावच्या तरण्या पोरांनी इंदूला डोंगरावर नेलं, आणि तिनं बोट दाखवून दाखवून त्यांना तो पट्टा दाखवला: भरतीला कसा असतो, ओहोटीला कुठं सरकतो. पोरं ऐकत होती. आबा त्यांच्या मागं एका कातळावर बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. वारा वायव्येचा, समुद्र अजून फुगलेला. गावातल्या चार होड्या सज्ज होऊन थांबल्या होत्या. टिटवीच्या मागून त्यांना बोळातून बाहेर जायचं होतं, तीन वर्षांनंतर लाटेच्या दिवसात पहिल्यांदा. किनाऱ्यावर कालच्यापेक्षा जास्त गर्दी होती.

मी सवयीनं मागं सुकाणूपाशी जाऊन बसलो. मग माझं मला कळलं आणि मी उठलो. इंदू येऊन बसली.

तेवढ्यात आबा पाण्यातून चालत आले आणि काही न विचारता टिटवीवर चढले. ते मागं येतील असं मला वाटलं. सुकाणू चाळीस वर्षं त्यांच्या हातात होतं. ते आले नाहीत. ते डोलकाठीकडे गेले, शिडाचा दोर सोडला आणि दोन्ही हातांत धरून मागं तोंड करून उभे राहिले.

असे ते उभेच राहिले. चारही होड्यांतली माणसं बघत होती.

"आबा?" इंदू म्हणाली. "काय झालां?"

"तांडेलान सांगल्याशिवाय," आबा मोठ्यानं म्हणाले, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं, "शीड चढवतत काय गो?"

इंदूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठून उभी राहिली, वाऱ्याकडे तोंड केलं, लांब खडपापलीकडच्या पाण्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि माझ्या कानठळ्या बसतील अशा आवाजात ओरडली,

"चढवा!"